आवाजामागचा कोड कोण वाचणार?

(ऑसिलोस्कोपवर हिरवी साइन लहर. मध्येच ती तुटते. स्पीकरमधून ‘टक्’.)

आत्ता जो ‘टक्’ ऐकू आला, तो रेकॉर्डिंगमधला दोष नाही. स्पीकर ठीक आहे, वायरही ठीक आहे. प्रोसेसरला आवाजाच्या आकड्यांचा एक गठ्ठा वेळेत देता आला नाही, एवढंच झालं.

(सेटिंगची खिडकी. ४८,००० हर्ट्‌झ, बफर १२८.)

हे दोन आकडे बघा. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे लहरीच्या उंचीच्या नोंदी, आणि संगणक ती १२८-१२८ च्या गठ्ठ्यांनी पुढे सरकवतो. भागाकार केला की एका गठ्ठ्याच्या वाट्याला साधारण २.७ मिलिसेकंद येतात. आवाज गाळणारा फिल्टर, चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर, घुमारा देणारा रिव्हर्ब, सगळं तेवढ्यात उरकायचं. इथे सरासरी कामाची नाही. हजार गठ्ठे वेळेवर गेले आणि एक राहिला, तर कानाला तो राहिलेलाच ऐकू येतो.

म्हणून ऑडिओ थ्रेडचं, म्हणजे प्रोग्रॅममध्ये आवाजाचं काम सांभाळणाऱ्या धाग्याचं, पथ्य कडक. तिथे नवी मेमरी मागायची नाही. दुसऱ्या थ्रेडने धरलेल्या लॉकसाठी ताटकळायचं नाही. फाइल उघडायची नाही. तपासणीसाठी स्क्रीनवर एक ओळ छापायची, तर तेही नको. यातलं कुठलं काम किती वेळ खाईल, हे आधी कोणी सांगू शकत नाही. जावासारख्या भाषेत मेमरीची साफसफाई भाषा स्वतःच्या सोयीने करते, आणि ती सोय संगीताच्या गैरसोयीची ठरू शकते. त्यामुळे या क्षेत्रात सी आणि सी++ ठाण मांडून बसल्या. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीचं व्हीएसटी आलं, म्हणजे संगीताच्या प्रोग्रॅमला प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) लावायची पद्धत, २००४ मध्ये जूस ही सी++ लायब्ररी आली, आणि प्लगइन लिहिणाऱ्यांपुरता भाषेचा वाद जवळजवळ मिटला.

भाषा घड्याळाने ठरवली. त्या भाषेत लिहिलेलं दहा वर्षांनी कोणाला उलगडेल, हे मात्र लिहिणाऱ्यावरच राहिलं.

(कृष्णधवल छायाचित्रं. मोठ्या खोलीत आयबीएम ७०४. टेपची चाकं.)

साल १९५७. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले इंजिनिअर मॅक्स मॅथ्यूज आयबीएम ७०४ साठी ‘म्युझिक’ नावाचा प्रोग्रॅम लिहितात. त्यातून निघाली १७ सेकंदांची एक धून. एका वेळी एकच सूर, एकच प्रकारची लहर. कानाला फार गोड नव्हती. पण प्रोग्रॅम वाढत गेला. १९६० च्या आवृत्तीत मॅथ्यूज यांनी ‘युनिट जनरेटर’ आणले. लहर तयार करणारा ऑसिलेटर हा एक ठोकळा, फिल्टर हा दुसरा, आणि संगीतकाराने ते जोडायचे. आज कुठल्याही सिंथेसायझर प्रोग्रॅममध्ये जे ठोकळे दिसतात, त्यांचं मूळ इथे आहे. माझ्या मते कोड वाचता येण्याच्या दिशेने ऑडिओतलं पहिलं मोठं पाऊल हेच, कारण आतलं गणित न उघडता रचना दिसू लागली.

अडचण वेगळीच होती. सुरुवातीच्या आवृत्त्या असेंब्लीत लिहिलेल्या. असेंब्ली म्हणजे त्या एका मशीनची बोली. मशीन निवृत्त झालं की प्रोग्रॅमही त्याच्यासोबत. म्हणून साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘म्युझिक ५’ फोरट्रानमध्ये लिहिला गेला आणि इतर संस्थांच्या संगणकांवर पोचला. पुढे याच बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. एमआयटीमधले बॅरी व्हर्को यांनीही आधी दोन वेळा असेंब्लीचाच रस्ता धरला होता, एकदा आयबीएम ३६० साठी, एकदा पीडीपी-११ साठी. १९८६ मध्ये त्यांनी सीमध्ये लिहिलं, ते सी-साउंड. ते आजही चालतं.

(एडिटरची खिडकी. डावीकडे फायलींची यादी. कर्सर एकेका नावावर थांबतो.)

आता जरा सावकाश बघू. हा आहे फ्रीव्हर्ब. जून २००० मधला, सी++ मध्ये लिहिलेला, सार्वजनिक वापरासाठी मोकळा सोडलेला रिव्हर्ब. फायली मोजक्या. एकीचं नाव कोंब (इंग्रजीतला comb, म्हणजे कंगवा), एकीचं ऑलपास, एकीचं ट्यूनिंग; पहिली दोन फिल्टरांच्या प्रकारांची नावं. प्रत्येक चॅनेलसाठी आठ कोंब फिल्टर समांतर, त्यांच्यामागे चार ऑलपास एकामागोमाग. सगळं यंत्र एवढंच.

कोंब फिल्टर उघडला. काम जेमतेम सात-आठ ओळींचं. जुनं सॅम्पल बफरमधून काढा, थोडं बोथट करा, फीडबॅकने गुणा, नव्यात मिसळून परत ठेवा. व्हेरिएबलची नावं वाचत गेलं की पाणी कुठून कुठे वाहतंय ते कळतं. एक खोट काढतोच. ‘डॅम्प१’ आणि ‘डॅम्प२’ ही नावं आळसाने दिलेली आहेत. दुसरं म्हणजे एकातून पहिलं वजा, हे नावावरून कोणालाही कळणार नाही.

(ट्यूनिंगची फाइल. आकड्यांची उभी रांग.)

१११६, ११८८, १२७७, १३५६… १६१७ पर्यंत. ही कोंब फिल्टरांची लांबी, सॅम्पलमध्ये. पहिला सुमारे २५ मिलिसेकंदांचा, शेवटचा सुमारे ३७ चा. एरवी असे आकडे कोडमध्ये सुटे पेरलेले सापडतात आणि त्यांना हात लावायची कोणाची छाती होत नाही. इथे ते एका जागी आहेत, नावांसह. वर लेखकाने नोंदवलंय की हे ४४.१ किलोहर्ट्‌झ धरून आहेत, आणि ऐकून ऐकून ठरवलेले आहेत. ही नोंद नसती, तर त्यांच्यामागे एखादं सूत्र असेल म्हणून लोक ते शोधत बसले असते.

(कर्सर एका छोट्या मॅक्रोवर. शेजारी सीपीयूचा आलेख वर चढतो.)

आणि हा ‘अनडिनॉर्मलाइज’, एक मॅक्रो, म्हणजे नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा. रिव्हर्बची शेपटी विरत जाते तसे आकडे इतके बारीक होतात, दहाच्या उणे ३८ व्या घाताच्याही खाली, की बऱ्याच प्रोसेसरांना त्यांचा हिशेब कित्येक पट जड जातो. गाणं थांबलंय, शांतता आहे, आणि सीपीयू धापा टाकतोय. हा मॅक्रो अशा आकड्याला सरळ शून्य करतो. हेच काम पुष्कळ ठिकाणी एक सूक्ष्म आकडा नुसता मिळवून केलेलं असतं, शेजारी एक शब्द न लिहिता. मग कोणीतरी निरुपयोगी ओळ समजून ती पुसतो. इथे नावच सांगतं की ओळ कशासाठी आहे.

फ्रीव्हर्बची रूपं पुढे सुपरकोलायडर, प्युअर डेटा, फाउस्ट या आवाजासाठीच्या भाषांमध्ये गेली. परवाना मोकळा होता हे खरं, पण मोकळे कोड पुष्कळ पडून आहेत.

(दोन पुस्तकांची उघडी पानं. मग लाल झालेला मीटर.)

सगळीकडे इतका नीटपणा नसतो. इक्वलायझरचा पाया असलेल्या बायक्वाड फिल्टरला पाच गुणक लागतात. काही पुस्तकांत फिल्टरच्या सूत्रातल्या अंशाच्या गुणकांना बी म्हणतात आणि छेदातल्यांना ए, काहींत नेमकं उलट. छेदातल्यांचं चिन्हही कोणी अधिक धरतं, कोणी उणे. कोडमध्ये नुसतं ‘ए१’ लिहिलं आणि कुठली पद्धत ते सांगितलं नाही, तर पुढच्याने चुकीचं चिन्ह लावायचा अवकाश, मीटरचं काय होतं ते दिसतंच आहे.

(जुना प्रोजेक्ट उघडतो. प्लगइनच्या जागी रिकाम्या चौकटी.)

२०१९ मध्ये मॅकओएसने ३२ बिट प्रोग्रॅम बंद केले, २०२० पासून ॲपलने प्रोसेसरच बदलले. दर खेपेला काही प्लगइन मागे राहिली.

(पडदा दुभागलेला. डावीकडे फाउस्ट, उजवीकडे सी++. खाली ठोकळ्यांची आकृती आपोआप रेखली जाते.)

फ्रान्समधल्या ग्राम या संस्थेत २००२ पासून घडत आलेल्या फाउस्ट भाषेने वेगळा मार्ग काढला. डावीकडे फक्त + ~ *(०.९) एवढंच. आलेलं सॅम्पल अधिक आधीच्या उत्तराचा ०.९ भाग. उजवीकडचा सी++ कोड कम्पायलरने, म्हणजे कोडचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, त्यावरून तयार केलेला, आणि तो कोणी वाचावा अशी अपेक्षाच नाही. खालची आकृतीही त्याचीच. सुंदर आहे, मान्य. पण ~ हे चिन्ह ज्याला माहीत नाही, त्याला डावी बाजूही कोडंच. ओळी कमी झाल्या म्हणजे वाचणं सोपं होतं, हा प्रोग्रॅमरांचा लाडका गैरसमज आहे.

(रस्टचा कोड. कम्पायलरचा लाल संदेश.)

२०१५ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेली रस्ट ही भाषा जावासारखी मध्येच मेमरीच्या साफसफाईला थांबत नाही, आणि दोन थ्रेडनी एकाच डेटात नकळत हात घालणंही अडवते. मात्र ऑडिओ थ्रेडवर तुम्ही नवी मेमरी मागितलीत, तर ती निमूटपणे देते. ते पथ्य तिच्या नियमांत बसलेलं नाही.

(सी++ चं एक फंक्शन. त्याच्या माथ्यावर एक शब्द टाइप होतो.)

सी++ कडे आता त्यासाठी काहीतरी आहे. २०२५ मध्ये आलेल्या एलएलव्हीएम या साधनसंचाच्या २० व्या आवृत्तीपासून त्यातल्या क्लँग कम्पायलरमध्ये फंक्शनवर ‘नॉनब्लॉकिंग’, म्हणजे ‘कुठेही ताटकळायचं नाही’, अशी खूण करता येते. आपण मुद्दाम आत मेमरी मागणारी एक ओळ घातली आणि तपासणी चालू ठेवून प्रोग्रॅम चालवला. तो थांबला. कुठल्या फंक्शनने, कोणामार्फत, कितव्या ओळीवर पथ्य मोडलं, ती सगळी साखळी पडद्यावर आली. आतापर्यंत ही अट कॉमेंटमध्ये असायची, नाहीतर जुन्या सहकाऱ्याच्या डोक्यात.