दोऱ्यांवरचे डोंबारी

श्रोतेहो, नमस्कार. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मौत का कुआँ पाहताना ज्यांच्या पोटात गोळा आला असेल, त्यांना आज मी अशा कसरतपटूंविषयी सांगणार आहे, ज्यांना पडण्याचे भयच नाही. कारण ते लाकडाचे असतात.

डोंबाऱ्याची पोर हातातली काठी तोलत दोरावरून चालते, तेव्हा ती खरोखर पडू शकते, म्हणून आपला जीव टांगणीला लागतो. कळसूत्री बाहुली मात्र मुळातच टांगलेली असते. तिच्या साहसात धोका नसतो, तो सूत्रधाराला निर्माण करावा लागतो, आणि सारी गंमत तिथेच आहे. हलकी बाहुली उडी मारत नाही, नुसती तरंगते. म्हणून काही कारागीर तिच्या पावलांत शिसे भरतात. मग उडीपूर्वी गुडघे वाकवणे, खाली डोकावणे, दोन पावले मागे सरणे, असा सगळा भित्रेपणा बोटांनी रंगवावा लागतो. नुसत्या कोलांट्या मारणारी बाहुली मला तरी लवकर कंटाळा आणते. पण छाती फुगवून पुढे येणारा आणि ऐन वेळी शेजारच्या गड्याला पुढे ढकलणारा लाकडी पहिलवान म्हाताऱ्यांनाही हसवतो.

एक अडचण प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. बाहुलीने पुढे कोलांटी मारली की तिच्या दोऱ्या एकमेकींत अडकतात, आणि तो पीळ सोडवायला तितक्याच उलट्या कोलांट्या माराव्या लागतात. प्रेक्षकांना वाटते, गडी फुशारकी मारतो आहे. प्रत्यक्षात सूत्रधार गुंता सोडवत असतो. ढिल्या धाग्याने काय घोटाळा होतो, हे यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

आपल्या महाराष्ट्रात ही कला सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी जपली. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या खेळांत रामायणातील कथा येतात. निव्वळ कसरतींची चैन पाहायची, तर राजस्थानची कठपुतळी पाहावी. तिथल्या बहुतेक बाहुल्यांना पाय नसतात, नुसता घेरदार झगा असतो, तरी त्यांचे नाचणे आणि गिरक्या घेणे बिनदिक्कत चालते. सूत्रधार तोंडात बांबूची पिपाणी धरून चिवचिवाट करतो आणि शेजारचा ढोलकवाला त्या न कळणाऱ्या बोलण्याचा अर्थ श्रोत्यांना सांगत सुटतो, बहुधा मूळ बोलण्यापेक्षा जरा जास्तच.

त्यातला जादूगार तर स्वतःचे डोके काढून चेंडूसारखे खेळवतो. हा खेळ सूत्रधाराच्या दोन्ही हातांची परीक्षा घेतो, कारण डोके वेगळ्या दोरीवर आणि धड वेगळ्या दोरीवर सांभाळावे लागते. डोके परत बसवताना ते चुकून पाठीकडे तोंड करून बसले, तर हुशार सूत्रधार खेळ थांबवत नाही, जादूगाराला तो तसाच पाठमोरा चालवतो, आणि ढोलकवाला त्याला विचारतो, "काय राव, गावाला निघालात की गावाहून आलात?"