जाळीच्या कपाटाला बाहेर रंग, आत कागद

नमस्कार मंडळी! आज बोलूया जाळीच्या कपाटाबद्दल. तेच हो, फ्रिज यायच्या आधी दूध, तूप, उरलेली भाजी ज्यात असायची, मांजराने तोंड घालू नये म्हणून दारांना जाळी आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. फ्रिज आला आणि ही कपाटं गेली गच्चीवर नाहीतर जिन्याखाली, आणि आता पुण्या-मुंबईत जुन्या बिल्डिंगा पाडायला निघाल्या की टेम्पोत बसून थेट भंगारात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटात चक्कर मारा, एखादं तरी उभं दिसेल.

असं कपाट घरी आलं की लगेच रंगाचा डबा आणायला पळू नका. आधी लाकूड बघा. आतून, जिथे कधी रंग लागलेला नसतो तिथे थोडं घासा. सोनेरी तपकिरी दिसलं, हाताला किंचित तेलकट लागलं, चामड्यासारखा वास आला, तर बहुतेक सागवान. त्याच्यावर ऑइल पेंट फासणं मला तरी पाप वाटतं, त्याला घासून पॉलिश करा नि विषय संपवा. पण बरीच कपाटं जंगली लाकडाची असतात, मागे पातळ प्लाय ठोकलेला, ती बिनधास्त रंगवा.

बारीक गोल भोकं दिसली तर कपाटाखाली काळा कागद घालून ठेवा. आठवडाभराने त्यावर ताजी पूड पडली असेल तर किडा अजून आत आहे, मग आधी औषध, बाकी सगळं नंतर.

आता घासणं. हे काम कंटाळवाणं आहे पण निम्मं कपाट इथेच होतं. एक गोष्ट मात्र गंमतीवारी घेऊ नका, जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखात 90 भाग अशी मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आली, म्हणजे तुमच्या कपाटावरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोरडा घासायचा नाही, वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर घ्या, पाणी मारत मारत घासा, तोंडाला चांगला मास्क, पोरांना लांब ठेवा आणि तो चिखल झाडून कुंडीत टाकू नका प्लीज. लाकूड नीट वाळलं की भेगा-भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी भरा, 120 आणि मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच, मग वुड प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात आणि मध्ये एक दिवस सोडा. जाड एकच हात दिला की ओघळ येतात, ते परत घासत बसा!

वॉलपेपर आतल्या मागच्या फळीला लावा, दार उघडल्यावर तेवढाच दिसतो आणि तिथेच छान वाटतो. मैद्याची खळ स्वस्त पडते हे खरंय पण झुरळं आणि कसर दोघांनाही ती आवडते, त्यापेक्षा वॉलपेपरचा तयार गोंद बरा. गोंद लावल्यावर कागद पाच-दहा मिनिटं दुमडून ठेवा, ओला होऊन तो थोडा फुगतो, तसाच घाईने चिकटवलात तर नंतर बुडबुडे येणार. मधून बाहेर हात फिरवत बसवा, कडा वाळल्यावर ब्लेडने कापा. आणि हो, हे सगळं पावसाळ्यात नको. कोकणात राहणाऱ्यांनी तर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, नाहीतर कागदावर बुरशी धरलीच म्हणून समजा.

जाळी गंजली असेल तर रंगवू नका, नवी मिळते, खिळ्यांच्या पट्ट्या काढून बदला. आत पुस्तकं ठेवायचा बेत असेल तर प्रत्येक फळीला खालून एक आडवी पट्टी ठोकून घ्या, कारण ती फळी दुधाच्या पातेल्यासाठी होती, विश्वकोशाचे खंड ठेवलेत तर वाकणारच.