पाच व्होल्ट आणि एक बेवारस स्वर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'काँप्युटरच्या विजेवर चालणारा घरगुती ऑडिओ मिक्सर'. सर्किट फळ्यावर काढून ठेवलंय, त्याकडे येतोच. पण आधी 'हम'बद्दल, म्हणजे स्पीकरमधून येणाऱ्या नकोशा घूं आवाजाबद्दल, बोलू द्या. या विषयावर माझं घरी कोणी ऐकून घेत नाही, आणि तुम्ही तर आपण होऊन आलाय. (हशा)

सोसायटीच्या हॉलमधली मैफल डोळ्यांपुढे आणा. लॅपटॉपवर तानपुऱ्याचं अ‍ॅप, पेटीला एक माइक, गाणाऱ्या बाईंना एक. लॅपटॉपची वायर अँप्लिफायरला लागली रे लागली की 'घूंऽऽ' सुरू. हा आपल्या विजेचा ५० हर्ट्‌झ. पेटीवर शोधायला गेलात तर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या फटीत कुठेतरी सापडेल. म्हणजे कुणाचीच पट्टी नाही! बाई काळी पाच लावून बसल्यात आणि खाली हा बेवारस स्वर अखंड चाललाय.

मग साउंडवाला येतो. म्हणतो, ''अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे.'' निदान शंभर टक्के बरोबर! लॅपटॉपचा चार्जर एका प्लगमध्ये, अँप्लिफायर दुसऱ्या. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो, त्यामुळे ऑडिओ वायरच्या जाळीतून करंट वाहतो आणि तो आपल्याला ऐकू येतो. इथवर मी त्या माणसाला नमस्कार करतो. पण उपचार काय? अँप्लिफायरचा थ्री-पिन टॉप उघडायचा आणि हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर कापायची. हम बंद, अध्यक्ष खूश.

आता त्या लोखंडी डब्याला अर्थिंगच नाही. आत फेजची वायर सुटून डब्याला टेकली, तर डब्यावर २३० व्होल्ट. डब्याला वायरची जाळी जोडलेली, जाळीला माइकची धातूची जाळी, आणि त्या माइकला ओठ लावून बाई बंदिश म्हणतायत. गणपतीचे दिवस, बाहेर पाऊस, फरशी ओली. एका कार्यक्रमात मी हे मोठ्यानं बोललो, तर व्यवस्थापक म्हणाले, ''आवाज गेला ना? मग तुमचं काय?'' इकडे चहाच्या हिशोबात अडीच रुपयांचा फरक आला तर कार्यकारिणीची बैठक बसते. (हशा) लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला असता, तर बहुतेक तेवढ्यावर भागलं असतं. फुकटात!

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपला मिक्सर हीच भानगड जन्मतः घेऊन येतो. वीज काँप्युटरच्या यूएसबीतून घ्यायची आणि गाणंही त्याच काँप्युटरच्या हेडफोन सॉकेटातून. ग्राउंड, म्हणजे सर्किटाची शून्य व्होल्टची सामाईक वायर, दोन वाटांनी आलं, आणि काँप्युटरच्या आतली किरकिर त्या वाटांवरून हिंडायला मोकळी. माउस हलवला की स्पीकरमधून 'चिर्र' ऐकू येतं ना, ती हीच. आवाज मिसळणं सोपं आहे, ग्राउंड सांभाळायला अक्कल लागते.

मिसळणाऱ्या सर्किटाबद्दल एकच गोष्ट. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या कार्ल स्वार्ट्‌झेल यांनी १९४१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ते वापरलं गेलं विमानविरोधी तोफांचा नेम धरायला. आज आपण त्यात पेटी आणि तानपुरा... चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

भराभर लिहून घ्या. यूएसबीचे ५ व्होल्ट आधी १० ओहमच्या रेझिस्टरमधून न्या आणि पुढे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. साधारण ३४ हर्ट्‌झच्या वरची किरकिर तिथेच कमी होत जाते. रेझिस्टर गाळू नका. यूएसबीच्या नियमानं थेट लावायला १० मायक्रोफॅरडच चालतो. मोठा कपॅसिटर सुरुवातीला भसकन करंट ओढतो, तो इथे अर्ध्या अँपियरवर अडतो.

आयसी, म्हणजे चिप, एमसीपी ६००२. दुकानदार एनई ५५३२ पुढे करेल. आयसी उत्तम, पण त्याला किमान १० व्होल्ट लागतात. ६००२ मध्ये दोन ऑप-अँप, म्हणजे छोटे अँप्लिफायर, आहेत. दोन १० केच्या (किलोओहम) रेझिस्टरांनी ५ व्होल्टचे अडीच करा, मधल्या बिंदूवर ४७ मायक्रोफॅरड द्या, आणि पहिल्या ऑप-अँपनं त्याचा बफर करा, म्हणजे पुढे जोडणी केली तरी ते अडीच ढळत नाहीत. दुसरा ऑप-अँप बेरीज करणार: प्रत्येक इनपुटला १० केचा लॉग पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण), १ मायक्रोफॅरड, २२ के, फीडबॅकलाही (आउटपुटकडून परत इनपुटकडे) २२ के. आउटपुटला १० मायक्रोफॅरड, अधिक टोक आयसीकडे. हे मोनो झालं. स्टीरिओला ६००४ घ्या, त्यात चार असतात. माइक थेट लावू नका, त्याला आधी त्याचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअँप लागतो.

काँप्युटरच्या इनपुटला ६००:६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, तो वायरीचा थेट संबंध न ठेवता आवाज पुढे देतो. तरी चिरचिर राहिली तर विजेच्या वाटेवर बी०५०५एस, हा ५ व्होल्ट घेऊन थेट संबंध नसलेले वेगळे ५ व्होल्ट देतो. म्हणजे ग्राउंड दोन्हीकडून सुटतं. पुण्यात सगळं पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास मिळेल.

आणि जोडणी झाल्यावर पहिल्यांदा लॅपटॉपला लावू नका. जुन्या पॉवर बँकेवर लावा, मीटरनं मधल्या बिंदूवर अडीच व्होल्ट येतात का बघा. आले तरच पुढे. हो हो, थांबतो. प्रश्न चहाच्या टेबलापाशी.