रंध्यावरचे नाव

श्रोतेहो, रंध्याच्या पात्यावर बसवलेले दुसरे लोखंड नेमके काय काम करते, हा आजचा जाहीर झालेला विषय आहे आणि तो मी मांडणारच आहे. परंतु येथे जमलेल्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी रंधा मारलेला असल्यामुळे माझी एक जुनी तक्रार आधी ऐकून घ्यावी, अशी विनंती आहे. रंध्याचा इतिहास सांगताना कारखाना लक्षात ठेवला जातो आणि घडवणारा हात विसरला जातो, ही ती तक्रार होय.

इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रंधे सापडले. त्यांची रचना आजच्या सुतारालाही ओळखू येते. घडवणारे कोण, हे मात्र त्यांवरून कळत नाही. लंडनचे कारागीर लाकडी रंध्याच्या पुढच्या टोकावर आपल्या नावाचा ठसा ठोकू लागले आणि ती रीत अठराव्या शतकात अमेरिकेतील वसाहतींत पोहोचली. तेथे मॅसॅच्युसेट्समधील रेंथम या गावी फ्रान्सिस निकल्सन रंधे घडवीत असे आणि त्याच्याकडे सीझर चेलर नावाचा गुलाम होता. १७५३ मध्ये निकल्सन मरण पावला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्राने चेलर मुक्त झाला आणि त्याला जमीन व हत्यारेही मिळाली. पुढे १७८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला आणि आपल्या रंध्यांवर त्याने स्वतःचा ठसा उमटवला : ‘चेलर, राहणार रेंथम’.

हे मी लांबवतो आहे, याची मला कल्पना आहे. पण येथे घाई करणे मला पटत नाही. गलत्याचा रंधा घडवायचा म्हणजे लाकडावर हवी असलेली नक्षी तळावर नेमकी उलटी कोरायची, पात्याची धार त्याच वळणाची करायची आणि पाचर अशी बसवायची, की पाते हलणार नाही व ढलपी तोंडात अडकणार नाही. हे कौशल्य मुक्तीच्या दिवशी अचानक येत नाही. मग निकल्सनच्या नावाचा ठसा असलेल्या रंध्यांत चेलरचे श्रम किती? त्या ठशावरून ते कधीच कळणार नाही. म्हणून चेलरचे नाव अमेरिकन रंध्याच्या इतिहासात तळटीप म्हणून येते, तेव्हा मला ते अन्यायाचे वाटते.

बहुतेक जण इतिहासाला सुरुवात करतात ती लेनर्ड बेलीपासून. लाकडी रंध्याचे पाते हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी पुढेमागे करावे लागे. पात्यामागची पितळी चकती बोटाने फिरवून हेच काम होईल, अशी योजना बेलीने केली आणि १८६७ मध्ये तिचे पेटंट घेतले. दोनच वर्षांनी कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ली कंपनीने त्याची पेटंटे विकत घेतली. आपल्या बाजारातले लोखंडी जॅक प्लेन आजही त्याच धर्तीचे असतात.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता मूळ विषय थोडक्यात सांगतो. उलट्या तंतूंवर रंधा चालवला, की धारेच्या पुढे चीर धावते आणि पृष्ठभाग उचकटतो. दुसरे लोखंड धारेच्या अगदी जवळ आणले, तर उठणारी ढलपी त्यावर आपटून मागे मुडपते आणि चीर पुढे धावण्याआधीच तंतू कापले जातात. अशा जोडपात्याची जाहिरात १७६७ मध्ये फिलाडेल्फियात छापून आली होती, म्हणजे हे ज्ञान नवे नाही. जपानमध्ये कावाई आणि काटो या संशोधकांनी ही क्रिया चित्रफितीवर टिपली, तेव्हा हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके सूक्ष्म असावे लागते, हे डोळ्यांनी पाहता आले.

आजच्या कारागिरांविषयी बोलायला वेळ उरलेला नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात लाय-नील्सन यांनी सुरू केलेले काम आणि कॅनडातील व्हेरिटासचे रंधे यांची केवळ नावे घेतो.

जाता जाता एवढेच सांगतो, की दोन्ही लोखंडे एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरावीत. मधून प्रकाश दिसला, तर त्या फटीत ढलपी अडकणार हे निश्चित. तसे असल्यास दुसऱ्या लोखंडाची कड सहाणेवर घासून सपाट करावी. त्यानंतर ते धारेजवळ सरकवत न्यावे. ढलपी गुंडाळी न होता सरळ वर येऊ लागली, की अंतर बरोबर साधले असे समजावे.