पाहुणे निघालेत, तारीख लिहून ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

शिमगा झाला. शाळूची काढणी उरकत आली, ऊसतोडीचे शेवटचे फड तेवढे उरलेत. हिवाळ्यात आपल्या कोल्हापूरच्या आसपास मुक्कामाला आलेले पक्षी याच दिवसांत परतीची वाट धरतात. ते आले तेव्हा आपल्याला कळलं होतं. ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी विजेच्या तारेवर माळभिंगऱ्यांची रांग दिसते, गच्चीवर शेपटी हलवत धोबी फिरायला लागतो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, 'आले बघा.' जाताना मात्र कुणी 'गेले बघा' म्हणत नाही. एखादा पक्षी आज शेवटचा दिसतोय, हे आज कसं कळणार? पंधरा दिवसांनी आठवण होते, अरे, तो बरेच दिवसांत दिसलाच नाही. तोवर तारीख हातातून निसटलेली असते.

त्यामुळे पक्षी आल्याच्या नोंदी भरपूर सापडतात, गेल्याच्या फार कमी. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रानं २००७ साली 'मायग्रंटवॉच' हा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्यांनीही लोकांना आधी हेच विचारलं होतं, की हिवाळी पाहुणा तुमच्याकडे पहिल्यांदा कधी दिसला? सुरुवात तिथूनच होणार, ते बरोबरच आहे. पण पाखरू किती दिवस राहिलं, कोणत्या अवस्थेत निघालं, हे कळल्याशिवाय त्याचा आपल्याकडचा मुक्काम आपल्याला अर्धाच कळतो. म्हणून आज हे परतीचं बोलणं.

निघायची वेळ झाली हे त्यांना कळतं कसं? आपल्याला वाटतं, उन्हाचा चटका बसला म्हणून ते निघाले. उन्हाचा, वाऱ्याचा, खाण्याच्या टंचाईचा परिणाम होतो, पण मुख्य खूण आहे दिवसाच्या लांबीची. कोल्हापूरला वर्षातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दिवस यांत साधारण दोन तासांचाच फरक आहे. एवढ्याशा फरकातली रोजची वाढ पक्ष्याचं शरीर टिपतं. नुसत्या डोळ्यांनी नाही, मेंदूच्या आत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात, त्या कवटीतून झिरपणारा उजेडही मोजतात. मग भूक वाढते, कातडीखाली चरबी साठू लागते. काही छोट्या पक्ष्यांचं वजन प्रवासाआधी जवळजवळ दुप्पट होतं. ही चरबीच पुढच्या हजारो किलोमीटरची शिदोरी.

ही तयारी दुर्बिणीशिवायही दिसते. तुमच्या नळाजवळ, पाटाच्या कडेला फिरणारा पांढरा धोबी नीट बघा. हिवाळ्यात त्याचा गळा पांढरा असतो आणि छातीवर काळी चंद्रकोर. मार्चमध्ये ती काळी वर वर चढत जाते आणि गळा काळा होतो. करड्या धोब्याच्या नराचंही तसंच, पोट पिवळंधमक आणि गळ्यावर काळा डाग. पिवळ्या धोब्याचा तर एप्रिलमध्ये इतका लख्ख रंग उघडतो की हाच का तो डिसेंबरातला मळकट पक्षी, असं वाटावं. कापणी झालेल्या उसाच्या खोडव्याला पाणी सोडलं की पाण्याच्या पुढे पुढे पळणारे किडे टिपायला हे पिवळे धोबी येतात. करवीर, शिरोळ, हातकणंगल्याच्या शेतकऱ्यांना ते रोज दिसत असतील. रानात पाणी पाजताना तुम्ही जितका वेळ या पक्ष्यांसोबत असता, तितका वेळ कुठल्याही पक्षीनिरीक्षकाला मिळत नाही, आणि तुमची नोंद मला म्हणूनच मोलाची वाटते.

इथे एक काळजी घ्यायची. मे महिन्यातही काळा-पांढरा धोबी दिसला, तर तो मागे राहिलेला पाहुणा असेलच असं नाही. आपला रहिवासी थोरला धोबी आकारानं मोठा असतो, त्याचं डोकं आणि पाठ काळी, आणि डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. तो वर्षभर इथेच असतो. भिंगऱ्यांचंही तसंच. माळभिंगरी जाते, पण पुलांखाली मातीची घरटी करणारी तारवाली भिंगरी जात नाही. ही दोन जोडपी ओळखता आली की निम्मा घोटाळा संपतो.

आता भोरड्या. मला विचाराल तर परतीच्या हंगामातला सगळ्यात देखणा प्रसंग भोरड्यांचा. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, डोक्यावर तुरा. शाळूच्या राखणीत गोफण घेऊन बसलेल्यांना त्यांच्याबद्दल प्रेम वाटणं अवघड आहे, मान्य. पण फाल्गुनात पळस, सावर, पांगारा फुलला की हेच थवे फुलांतला रस प्यायला झाडांवर उतरतात आणि परागानं माखलेली डोकी घेऊन या झाडावरून त्या झाडावर जातात. म्हणून तर यांना पळसमैना म्हणतात. या दिवसांत त्यांचा गुलाबी रंग जास्त खुलतो, त्याचं कारणही गमतीचं आहे. नवीन पिसं येत नाहीत. हिवाळाभर पिसांची फिकट टोकं झिजत जातात आणि खालचा रंग उघडा पडतो. झाड भरून बसलेला थवा दुपारभर किलबिलत असतो, नर तुरा उभारतात, पंख थरथरवतात. संध्याकाळी उसाच्या फडात किंवा बाभळीत मुक्कामाला उतरण्याआधी हजारोंनी आकाशात घिरट्या घालतात. मग एप्रिलमध्ये कधीतरी झाडं गप्प होतात. हे पक्षी गेलेले असतात कझाकस्तान आणि त्याच्याही पलीकडच्या गवताळ मुलखात. तिथे टोळ आणि नाकतोडे मुबलक होतात, त्यावर त्यांची पिलं वाढतात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्याकडे पाऊस चालू असतानाच, ते पुन्हा यायला लागतात. म्हणजे वर्षातले जेमतेम चार महिने ते बाहेर असतात. मग त्यांना पाहुणे म्हणायचं की आपलेच, हे तुम्ही ठरवा. मी तरी आपलेच म्हणते.

तळ्यांवरची गंमत वेगळी. कळंब्याचं पाणी मार्च-एप्रिलमध्ये ओसरतं आणि कडेचा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात तुतारी, ठिपकेवाली तुतारी, कंठेरी चिखल्या, इवलासा टिलवा असे पक्षी चोच खुपसत फिरतात. त्यांतले काही दक्षिणेकडे हिवाळा काढून उत्तरेला जाताना वाटेत दोन-चार दिवस थांबलेले असतात. अशा पक्ष्याला त्या दोन-चार दिवसांत पोटभर खायला मिळणं फार गरजेचं असतं. फोटोसाठी एकदा उडवला, दुसऱ्या बाजूने पुन्हा उडवला, की त्याची जमवलेली चरबी आपण जाळली. बसून राहा, तोच चालत जवळ येतो.

बदकांमध्ये चपट्या चोचीचा थापट्या आधी जातो, पांढऱ्या भुवईचं भुवई बदक बरंच उशिरापर्यंत रेंगाळतं. थापट्या पाण्यात गोल गोल फिरताना दिसले तर थांबून बघा, दोघं-चौघं मिळून भोवरा करतात आणि खालचं खाद्य वर आणतात. या बदकांच्या जोड्या हिवाळ्यातच, इथेच जमतात. आणि मग नर मादीच्या मागोमाग तिच्या जन्मगावी जातो, म्हणजे बायकोच्या माहेरी. रंकाळ्यावर या दिवसांत राहतात ती आपली हळदीकुंकू बदकं, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या. केंदाळाच्या कडेला पाणकोंबड्यांची भांडणं बघण्यासारखी असतात.

झाडांतल्या छोट्या पाहुण्यांकडे आपलं लक्ष कमी जातं. टाऊन हॉलच्या बागेत, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात हिवाळाभर 'चिस्वी, चिस्वी' असा दोन अक्षरी आवाज ऐकू येतो, तो पर्णवटवट्याचा. मार्चअखेर हाच पक्षी अधूनमधून पुरतं गाणं म्हणायला लागतो. विणीला अजून अवकाश असतो, मुक्काम हिमालयाकडे, पण गळा इथेच मोकळा होतो. हे लहान पक्षी रात्री प्रवास करतात. सूर्य मावळल्यावर थोड्या वेळानं उडायचं, ताऱ्यांच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आधारानं दिशा धरायची आणि पहाटे उतरायचं. एप्रिलमध्ये गच्चीवरचे मोठे दिवे रात्री बंद ठेवता आले तर ठेवा, उजेडानं हे पक्षी भरकटतात.

काही तर आपल्या डोक्यावरून एका खंडातून दुसऱ्या खंडात जातात. २०१९च्या जूनमध्ये मंगोलियात एका कोकिळ कुळातल्या पक्ष्याच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं छोटं यंत्र बसवलं, त्याचं नाव ठेवलं ओनोन. तो हिवाळ्याला झांबियात गेला. २०२०च्या वसंतात आफ्रिकेचा किनारा सोडून अरबी समुद्र ओलांडत भारतात आला आणि मे महिन्यात मंगोलियात पोचला. वर्षभरात २६ हजार किलोमीटरहून जास्त प्रवास.

नोंद कशी करायची? एक जागा ठरवा. रंकाळ्याचा एखादा कोपरा, शेताचा बांध, विद्यापीठाचा रस्ता, काहीही. तिथे जमेल तेव्हा जा आणि तारीख, वेळ, किती वेळ बघितलं, कोणते पक्षी, किती, आणि काय करत होते, एवढं लिहा. आणि एक अवघड गोष्ट: जे दिसलं नाही तेही लिहा. 'धोबी नाही' अशी ओळ वहीत पडली, की मागच्या पानावरची 'धोबी एक' ही नोंद आपोआप शेवटची ठरते. दुर्मिळ पक्ष्याच्या फोटोपेक्षा ही रोजची ओळ मला जास्त किमती वाटते, कारण दुर्मिळ पक्षी एकदाच येतो, आणि धोबी दरवर्षी येऊन दरवर्षी जातो. पुढच्या वर्षी ताडून बघता येतं.

राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगडच्या श्रोत्यांना एक खास विनंती आहे. तुमच्या जंगलात पाहुणे जात असतानाच एक जण येतो, नवरंग. मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, पहाटे आणि संध्याकाळी झाडीतून दोन सुरांची खणखणीत शीळ येते. पहिल्यांदा ऐकाल त्या दिवसाची तारीख टिपा. त्याला बघण्यासाठी मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नका, दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असं समजून तो विणीचं काम सोडून भांडायला येतो. आणि याच दिवसांत एखादा नवरंग थकून गावातल्या अंगणात पडलेला सापडतो, काचेवरही आपटतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. तास-दोन तासांत सावरला तर झाडीजवळ सोडा, नाहीतर वनविभागाला कळवा. नमस्कार.