आधी गाइड, मग सीट

जुन्या गाडीच्या इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बाकावर उलटं ठेवलंय. व्हॉल्व्ह काढून झाले, काजळी खरवडून झाली. आता आत दिसणाऱ्या या नळ्या नीट बघा. हे व्हॉल्व्ह गाइड. बीडाची किंवा ब्राँझची, बोटभर लांबीची नळी. व्हॉल्व्हचा दांडा हिच्यातूनच वरखाली होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ वेळा.

नवे चकचकीत व्हॉल्व्ह सगळेच हातात घेऊन बघतात, गाइडबद्दल फारसं कुणी विचारत नाही. पण व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे मिटताना तो ज्या कडेवर टेकतो तिच्यावर, सरळ बसणार की तिरका, ते गाइड ठरवतं. त्यामुळे इथे कामाचा क्रम बदलून चालत नाही. आधी गाइड, मग सीट.

रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी तरफ, दांड्याला खाली दाबताना थोडा बाजूलाही रेटतो. वर्षानुवर्षांच्या या रेट्यानं गाइडचं भोक टोकांना कर्ण्यासारखं पसरतं. व्हॉल्व्ह जरा उचलून हलवला की डोकं डुलतं. रस्त्यावर याची खूण निळ्या धुराची. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, निर्वात इनटेक व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल ओढतो, आणि पुन्हा पाय दिला की ते जळून मागून बाहेर पडतं.

जुनं गाइड ठोकून काढण्याआधी दोन कामं. ते हेडच्या वर किती उभं आहे ते मोजून लिहून ठेवायचं. आणि पोर्टकडच्या, म्हणजे हेडमधल्या हवा-धुराच्या वाटेकडच्या, टोकावरचा कडक कार्बन साफ करायचा, नाहीतर गाइड बाहेर निघताना तो हेडच्या भोकाला ओरखडे पाडतो.

नवं गाइड भोकापेक्षा किंचित जाड असतं, साधारण एक-दोन थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर. अॅल्युमिनियमचं हेड असेल तर ते भट्टीत सगळीकडून सारखं तापवतात आणि गाइड फ्रीजरमध्ये गार करतात. मग पायरी असलेला ड्रिफ्ट, म्हणजे दाबायचा दांडा, लावून, प्रेसवर, अगदी सरळ. इथे घाईनं हातोडा मारलेला मला बघवत नाही. गाइड जरा तिरकं गेलं तर हेडचंच भोक खराब होतं.

आत दाबताना गाइड आवळलं जातं, म्हणून त्याचं भोक नंतर रीमरनं मापाला आणावं लागतं. रीमर एकाच दिशेनं फिरवायचा, बाहेर काढतानासुद्धा. उलटा फिरवला की धार जाते. इनटेकला एक ते दोन थाऊ मोकळीक पुरते. एक्झॉस्टचा दांडा जास्त तापून फुगतो, त्याला थोडी जास्त द्यावी लागते. नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

फोर्ड मॉडेल ए सारख्या साइड व्हॉल्व्ह इंजिनची गोष्ट निराळी. तिथे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात आणि दांड्याचं खालचं टोक पसरट असतं. ते अखंड नळीतून जाणार कसं? म्हणून गाइडच दोन अर्ध्या फाकांचं, दांड्याभोवती मिटवून बसवायचं.

आता सीट. कटरचा पायलट, म्हणजे त्याला सरळ धरणारी मधली सळई, नव्या गाइडमध्येच बसतो, म्हणून सीट गाइडच्या मध्याशी जुळते. बहुतेक ठिकाणी कोन ४५ अंशांचा. जुन्या बीडाच्या हेडमध्ये सीट हेडमध्येच कोरलेली असते. पेट्रोलमध्ये शिसं होतं तोवर त्याचा थर तिला जपायचा. बिनशिशाच्या पेट्रोलवर, विशेषतः गाडी सतत वेगात पळवली तर, तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटचे कण उपटतो आणि हळूहळू आत रुतत जातो. इंजिन उघडलंच आहे, तर एक्झॉस्टला कडक पोलादाच्या सीट बसवून घ्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

मग हातानं घासणं. सीटवर जराशी घासायची पेस्ट, व्हॉल्व्हच्या डोक्याला रबरी वाटीची काठी, आणि तळव्यांमध्ये ती मागेपुढे फिरवायची. मध्येच उचलून जागा बदलायची. सलग, करडी, सारख्या रुंदीची कडी उमटली की थांबायचं. ज्या व्हॉल्व्हनं जी सीट घासली, तो तिथेच बसणार, म्हणून नंबर टाकायचे. पेस्टचा कणही राहता कामा नये. गाइडमध्ये राहिला तर तो आतून घासत बसतो.

दांड्याला ऑइल, स्प्रिंग, वरची टोपी, आणि ती दांड्यावर अडकवणारे कॉटर. मग चेंबरमध्ये रॉकेल ओतून पोर्टमध्ये पाझरतं का ते बघायचं. पाझरलं तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घासायला.

शेवटी टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि दांड्याच्या टोकामधली मोकळी जागा. ती जास्त राहिली तर टकटक ऐकू येते. कमी राहिली तर आवाज येत नाही, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. त्याची बहुतांश उष्णता सीटमधूनच बाहेर जाते, ती वाट बंद झाली की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. म्हणून इंजिन थोडं चालवून, हेडचे नट पुन्हा आवळून, फिलर गेजनं ही फट परत एकदा मोजायची.