जुन्या कॅलेंडरचं भिरभिरं

हे मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान, जरा जाड आणि गुळगुळीत. भिरभिऱ्याला असाच कागद हवा, वर्तमानपत्राचा घेतला तर जोराच्या वाऱ्यात पाती मुडपतात.

15 सेमीचा चौकोन कापायचा, दोन्ही कर्णांवर घडी घालून उघडायची की मधे फुली दिसते, मग प्रत्येक कोपऱ्यापासून त्या रेषेवर आत कापत यायचं, पण मधे पोचायच्या 3 सेमी आधी थांबायचं. मुलांना तिथे पेन्सिलीने गोल काढून द्या, कुठे थांबायचं ते आपोआप कळतं.

आता आठ टोकं झाली, त्यातलं एक सोडून एक मधे आणायचं. घडी दाबू नका हां! पाती फुगीरच राहू देत, कारण वारा त्या पोकळीत शिरतो आणि पात्याला ढकलतो, आणि चारही पाती एकाच बाजूला वळलेली असतात म्हणून चाक फिरतं.

टाचणी मोठ्यांनीच लावायची. आधी मणी, मग कागद, कागदाचं भोक थोडं सैल, त्यामागे संपलेल्या रिफिलचा अर्ध्या सेमीचा तुकडा, आणि टोक पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरात घट्ट. तो तुकडा विसरू नका, तो नसला तर कागद पेन्सिलीला घासतो आणि भिरभिरं अडकतं.

बऱ्याच ठिकाणी क्राफ्ट इथेच संपतं, फोटो काढला की झालं, पण मला वाटतं खरी मजा तर आता सुरू होते.

ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाऱ्याच्या जोराला नंबर देणारी पट्टी बनवली, तेही यंत्राशिवाय, वारा काय करतो एवढंच बघून. आजच्या त्या पट्टीवर पानं सळसळली आणि चेहऱ्याला वारा जाणवला की नंबर 2, म्हणजे ताशी 6 ते 11 किमी. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या की 3, ताशी 12 ते 19.

मुलांना अशीच स्वतःची पट्टी बनवू द्या. एका पात्यावर लाल ठिपका लावा, बाहेर जाऊन झाडाकडे आणि भिरभिऱ्याकडे एकदमच बघा, 10 सेकंदांत ठिपका किती वेळा वर आला ते मोजा आणि वहीत लिहा. वारा वाढला की ठिपक्याचं लाल वर्तुळ होतं आणि मोजताच येत नाही, तर वहीत तसंच लिहू द्या, वर्तुळ झालं म्हणून.